देवनागरीनंतरची पानं

बोईसरला नोकरी लागली तेव्हा वडिलांनी शाळेच्या नकाशात ते गाव शोधलं. पालघर सापडलं, तारापूर सापडलं, बोईसर काही सापडेना. "असेल कुठंतरी मधे," म्हणत त्यांनी नकाशा गुंडाळला आणि मी बार्शीहून निघाले. पुढची सव्वादोन वर्षं मी त्या 'कुठंतरी मधे'च काढली. हे तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे, तक्रार आहेच, पण ती गावाविरुद्ध नाही.

नव्वदचं दशक निम्म्याहून पुढे गेलं होतं. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, चोवीस वर्षांची, आणि भाड्याच्या एका खोलीत एकटी. आजूबाजूला कारखान्यांत आणि वीजकेंद्रात कामाला असलेली बिऱ्हाडं होती, कुणी सांगलीकडची, कुणी जळगावकडची. माणसं वाईट नव्हती, पण प्रत्येकाचा संसार होता आणि मला दाराची कडी होती. घरमालकिणीने पहिल्या दिवशी विचारलं, "लग्न?" मी नाही म्हटल्यावर विचारलं, "मग कधी?" तिसरा प्रश्न तिला सव्वादोन वर्षांत सुचला नाही.

त्यात आमच्या औद्योगिक वसाहतीची सुट्टी शुक्रवारी. विजेच्या हिशेबाने कारखान्यांना सुट्टीचे वार वाटून दिलेले असायचे आणि आमच्या वाट्याला शुक्रवार आला होता. रविवारी सगळं जग घरी असताना मी कामावर, आणि मी घरी असताना वडील शाळेत, मैत्रिणी नोकरीवर, आणि बार्शीत आमच्या शेजारी ज्यांच्याकडे फोन होता त्यांच्याकडेही कुणी नाही. एसटीडीच्या बूथवर जाऊन मी रिकाम्या घराची घंटी वाजवून परत यायचे. एखादा शुक्रवार असा जायचा की सकाळपासून तोंडातून शब्दच निघायचा नाही. मग संध्याकाळी मुद्दाम दुकानात जाऊन म्हणायचं, "एक काडेपेटी द्या." आवाज शिल्लक आहे का, एवढंच बघायला. त्या काळात माझ्याकडे काडेपेट्या फार साठल्या.

आमचं ऑफिस म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. मालकाचा मूळ धंदा कापडाच्या रंगांचा, कारखाना पलीकडच्याच रस्त्यावर. त्याला सगळे शेठ म्हणत, मीही म्हणायचे. गाळ्यात पूर्वी रंगांची पिंपं ठेवत. पिंपं गेली, वास राहिला. बाहेरच्या गटारातलं पाणी आज जांभळं तर उद्या तांबडं, आणि माझी पांढरी ओढणी वाळत घातली की चार दिवसांत कसलीच पांढरी राहायची नाही. आत दोन कॉम्प्युटर, त्यांच्यासाठी एक एसी, आणि आम्ही दोघं: मी आणि काका.

काका माझे कुणी नव्हते. पन्नाशी उलटलेला, बारीक अंगाचा, नाकावर घसरणारा चष्मा लावणारा माणूस. मूळचे जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचे, मच्छीमारांच्या घरातले. बाप, भाऊ, चुलते सगळे समुद्रावर, आणि काकांना बोट लागायची. नुसती लागायची नाही. खुंटाला बांधलेल्या होडीत बसवलं तरी ओकाऱ्या व्हायच्या. मच्छीमारांच्या गावात असा माणूस म्हणजे चेष्टेला आयतं गिऱ्हाईक. "जमिनीवरचा खलाशी" म्हणायचे त्यांना. म्हणून ते सत्तरच्या सुमारास मुंबईत गेले आणि एका कचेरीत कार्डांना भोकं पाडायच्या कामाला लागले. त्या काळी कॉम्प्युटरला माहिती द्यायची तर ती पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून द्यायची. एकाने कार्ड मारायचं, मग ते दुसऱ्या यंत्रात घालून दुसऱ्या माणसाने मूळ कागदावरून तेच पुन्हा मारायचं. फरक पडला की यंत्र अडायचं. काका बारा वर्षं त्या दुसऱ्या यंत्रावर बसले होते. पुढे शेठच्या कारखान्यात आले, गोदामाच्या कामातून वर चढत चढत स्वतः प्रोग्राम लिहायला शिकले. गावात ते सांगायचे, मी कॉम्प्युटरवर असतो. त्यावर मात्र कुणी हसायचं नाही.

"एकट्यानं केलेलं काम अर्दं काम, बाय," ते मला म्हणायचे. त्यांच्याकडे लहान मुलीला बाय म्हणतात. मला चोविसाव्या वर्षी म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

दुपारी आम्ही बाहेरच्या लोखंडी जिन्यावर बसून जेवायचो. त्याचं कारण काकांचा डबा. एसीच्या खोलीत मासळीचा वास कोंडतो म्हणून शेठने त्यांना आत जेवायला मनाई केली होती. चोवीस तास रंगांचा वास सोसणाऱ्या त्या खोलीला बोंबलाच्या कालवणाचं वावडं! पहिले काही दिवस मी आत माझी भाकरी आणि शेंगांची चटणी खात बसले. मग एक दिवस डबा उचलून बाहेर जिन्यावर गेले. काका एक पायरी सरकले. त्या दिवसापासून माझ्या दिवसाला मध्य आला. काका समुद्राच्या गोष्टी सांगायचे, सगळ्या ऐकीव. मी बार्शीच्या सांगायचे. घरी लिहिता येत नव्हतं ते मी त्यांना सांगायचे. एकटीला रडू येतं हेसुद्धा सांगितलं होतं. त्यांनी उपदेश केला नाही. "येतंय तर येऊ दे, पोटात नको ठेवू," म्हणाले आणि डब्याचं झाकण पुढे केलं.

आम्ही बनवत होतो तो डेटाबेसचा प्रोग्राम होता. कारखान्याने आपला माल, आपली गिऱ्हाईकं त्यात नोंदवून ठेवायची आणि नाव टंकलं की सापडली पाहिजेत. वसाहतीतल्या दोन-चार कारखान्यांनी तो घेतलाही होता. मग शेठच्या ओळखीतून परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक आलं. रंग विकणारी पेढी; तिची गिऱ्हाईकं देशोदेशीच्या कापडगिरण्यांत. त्यांना प्रत्येकाचं नाव त्याच्या त्याच्या लिपीत हवं होतं. त्यासाठी युनिकोड. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकेक क्रमांक देणारी ही पद्धत तेव्हा नवी होती, आणि तिचं उशीएवढं जाड पुस्तक शेठच्या मुलाने बाहेरून आणलं होतं.

शेठने आम्हा दोघांना समोर उभं करून सांगितलं, "चार महिन्यांनी त्यांचा माणूस येणार, स्वतः नावं शोधून बघणार. पास झालो तर हा गाळा चालेल. नाही झालो तर पिंपं परत आणून ठेवतो. जागा फुकट कशाला घालवायची?"

जिन्यावर आल्यावर काका बराच वेळ जेवलेच नाहीत. "पिंपं आली तर तुला दुसरी नोकरी भेटल," ते म्हणाले. "मला घरी बसवतील. गावात बसून मी काय करू? बोटीवर जाऊ?" ते हसले, पण मला हसू आलं नाही.

घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. इंग्रजीत अक्षर मोठं असतं आणि लहान असतं. कुणी 'बोईसर' मोठ्या एबीसीडीत लिहितं, कुणी लहान, कुणी पहिलंच मोठं. शोधताना तिन्ही एकच धरायची, तर आधी सगळी नावं लहान अक्षरांत बदलून घ्यायची आणि मग जुळवायची. हे बदलायचं काम करणारा तुकडा काकांनी लिहिला होता. पुस्तकावर फूटपट्टी धरून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जगातल्या ज्या ज्या लिपीत मोठ्या-लहान अक्षरांची जोडी आहे ती प्रत्येक जोडी त्यांनी यादीत घातली होती. शेठने ताकीद द्यायच्या आधीचे तीन महिने त्यात गेले होते. यादी बिनचूक होती. पण प्रोग्राम एकेक अक्षर घेऊन त्या यादीच्या पहिल्या ओळीपासून विचारत निघायचा, तू ही का, तू ही का. इंग्रजी अक्षरं वरच भेटायची. ज्या अक्षराला जोडीच नाही ते मात्र शेवटच्या ओळीपर्यंत दारोदार फिरून हात हलवत परत यायचं. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतंच. म्हणजे ज्यांना काही बदलायचंच नाही त्या आमच्या मराठी नावांना सगळ्यांत जास्त वेळ, आणि चिनी, थाई नावांची तीच गत. पेढीने पाठवलेल्या फाइलमध्ये एक नाव शोधायला आमच्या यंत्राला पावणेदोन मिनिटं लागत होती.

शेठने मला एकटीला बोलावून सांगितलं, "हे तुम्ही करा. काकांचं काम म्हणजे बैलगाडी." मी मान हलवली. पी हळद नि हो गोरी असा तो माणूस, पण इथे त्याचं चुकीचं नव्हतं.

काकांना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. दोन दिवस मी जिन्यावर नुसतीच हवापाण्याची बडबड केली. तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "माजा तुकडा काडायला सांगितला ना? काड. हळू हाय ते मला म्हाईत हाय. चुकीचा नाय, एवडं ध्यानात ठेव."

मी जे केलं ते आज कुणीही पोर करेल. जगातल्या सगळ्या अक्षरांचे क्रमांकाप्रमाणे दोनशे छप्पन्नाचे गठ्ठे पाडले. ज्या गठ्ठ्यात एकही जोडी नाही त्याच्यावर फुली. अक्षर आलं की त्याचा गठ्ठा बघायचा. फुली असेल तर त्याला हातही न लावता पुढे जायचं, नसेल तर त्या अक्षराच्या जागेवर तयार ठेवलेलं उत्तर उचलायचं. विचारत फिरायचं नाही. महिनाभर घासून जेव्हा मी तो चालवला तेव्हा पावणेदोन मिनिटांचे चार सेकंद झाले. मला खरं वाटेना. पुन्हा चालवला, पुन्हा चार. त्या आनंदात मी टाळ्या पिटल्या, आणि काका खुर्चीतून उठून आले, चष्मा वर करून पडद्याकडे बघत राहिले. "विमान केलंस गं," म्हणाले. त्यांच्या तीन महिन्यांच्या कामाची बैलगाडी मी मोडली होती आणि ते मला शाबासकी देत होते.

मग त्यांनी काय करावं? माझ्याकडे पुस्तक मागितलं.

"आता कशाला, काका?"

"दुसऱ्या यंत्रावर बसतो," ते म्हणाले.

माझा फुल्यांचा कागद न बघता त्यांनी स्वतःचा कागद करायला घेतला. पुन्हा फूटपट्टी, पुन्हा पहिलं पान. कुठल्या गठ्ठ्यावर फुली पडेल, कुठल्यावर नाही. मला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं. मनातल्या मनात मी थोडी चिडलेही. दहा दिवसांनी त्यांनी आपला कागद माझ्या कागदाशेजारी ठेवला आणि पेन्सिलीने माझ्या काही फुल्यांना गोल केले.

"बाय, यातले काई गट्टे जिवंत हायेत."

मी पुस्तक उघडून ते गठ्ठे एकेक करून पाहिले. गठ्ठे पाडताना काकांची यादी न उघडता मी पुस्तकाचीच पानं चाळत गेले होते: इंग्रजी, मग युरोपातली टिंबं-टोप्या घातलेली अक्षरं, मग ग्रीक, रशियन, आर्मेनियन; पुढे हिब्रू, अरबी; आणि मग आली देवनागरी. तिच्या पाठोपाठ बंगाली, गुजराती, तमिळ. आपली अक्षरं दिसली आणि माझ्या मनाने घेतलं की लहान-मोठ्याचं प्रकरण इथे संपलं. पाचवीपर्यंत मला लहान-मोठं अक्षर ही भानगडच ठाऊक नव्हती. ती साहेबाची ऐट, ती पुस्तकाच्या पुढच्या भागात उरकली, आता पुढे सगळी आपल्यासारखीच साधी माणसं. मी पुस्तक मिटलं होतं आणि उरलेल्या सगळ्यांवर फुल्या मारल्या होत्या. पुस्तक रचणाऱ्यांनी मात्र सुरुवातीला जागा पुरली नाही म्हणून देवनागरीनंतर बऱ्याच पानांनी आणखी एकदा इंग्रजी वळणाची अक्षरं घातली होती, डोक्यावर दोन-दोन खुणांची. व्हिएतनामची माणसं आपली नावं त्या अक्षरांत लिहितात. आणि व्हिएतनाममध्ये त्या पेढीची कितीतरी गिऱ्हाईकं होती. माझ्या विमानातून त्यातलं एकही नाव नीट सापडलं नसतं.

मी तिथेच रडायला लागले. काका म्हणाले, "आता कशाला रडतंस? सापडलं ना?" दोन दिवसांत मी ते गठ्ठे भरले. वेळ चार सेकंदच राहिला.

त्यानंतरच्या एका दुपारी, जिन्यावर, हात धुताना, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "एक सांगू? जमलं तर शेठच्या कानावर घाल, का ही चूक म्हाताऱ्यानं काडली म्हून. मी सोता बोल्लो तर बरं नाय दिसत. त्याला वाटतंय मी आता काई कामाचा नाय."

"घालते की. त्यात काय, काका!"

"नुस्तं कानावर घाल," ते पुन्हा म्हणाले. एवढ्या महिन्यांत त्या माणसाने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. आणि मी ती मनापासून कबूल केली होती, हेही खरं.

पेढीचा माणूस आला तेव्हा बैठक कारखान्याच्या ऑफिसात ठेवली होती. काकांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता, पण शेठ म्हणाला, "दोघं कशाला? गाळ्यात कुणीतरी पाहिजे." काका गाळ्यात थांबले. मी निघाले तेव्हा म्हणाले, "घाबरू नको. दोन टाइम तपासलंय."

पाहुणा उंच, म्हातारा आणि नम्र होता. त्याने खिशातून कागद काढला आणि एकेक नाव स्वतः टंकत गेला. जर्मन, रशियन, थाई, सगळी मिळाली. मग त्याने एक व्हिएतनामी नाव मोठ्या अक्षरांत टंकलं. डेटाबेसमध्ये ते लहान अक्षरांत होतं. चार सेकंदांनी ते पडद्यावर आलं. त्याने भुवया उचलल्या. आणखी दोन टंकली, तीही आली. तो शेठकडे वळून इंग्रजीत म्हणाला, की इतरांचे प्रोग्राम नेमके इथेच पडतात. हे कुणी लक्षात घेतलं?

शेठने अभिमानाने माझ्याकडे हात केला. "सब मॅडमने किया."

माझ्याकडे वाक्य तयार होतं. इंग्रजीत पाठ केलं होतं, आदल्या संध्याकाळी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. पाहुणा उठून उभा राहिला, त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला, आणि खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. शेठ, त्याचा मुलगा, मॅनेजर, चहा घेऊन आलेला माणूससुद्धा. मला आठवतं ते हेच: इतके महिने माझ्याकडे असं कुणी बघितलंच नव्हतं. काडेपेटी मागणाऱ्या बाईकडे कोण बघतं? ते बघणं आणखी थोडा वेळ मला हवं होतं. नंतर सांगू शेठला, असं मी ठरवलं आणि हसून "थँक्यू" म्हटलं.

गाळ्यात परतले तेव्हा काका दारातच उभे होते. "पास?" मी म्हटलं, "पास!" त्यांनी दोन्ही हात जोडून वर बघितलं. शेठला सांगितलंस का, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. मी सांगितलं असणार याची त्यांना खात्रीच होती.

दुसऱ्या दिवशी शेठ बाहेरगावी. मग शुक्रवार. मग पाहुण्याचं पत्र आलं, त्यात माझं कौतुक, आणि त्या दिवशी सांगणं मला ओशाळवाणं वाटलं. एकेक दिवस गेला तसं ते वाक्य जड होत गेलं. आणि एका सकाळी शेठने मला बोलावलं. "काम मिळालं. अब तुम अकेली संभाल लोगी ना? काकांची यादी तर तुम्ही काढूनच टाकली. त्यांना या महिन्याअखेर मोकळं करतो. नुसतं बसवून ठेवण्यात अर्थ नाही."

ही शेवटची संधी होती आणि मला ती संधी आहे हे कळत होतं. सांगायचं एवढंच होतं: काका नसते तर आपण पडलो असतो. पण मग तो विचारणार, तेव्हा का नाही बोललात? पाहुण्यासमोर खोटं श्रेय का घेतलंत? माझं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "हो, संभाळीन."

काका शांतपणे गेले. टेबलावरचा कागद नीट केला, फूटपट्टी खिशात घातली, "येतो बाय, नवापूरला ये कदीतरी," म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो मला सहन होईना. दुसऱ्या दिवसापासून मी डबा आत, पडद्यासमोर बसून खाऊ लागले. प्रोग्रामात पुढे फार काही करायचं उरलंच नव्हतं. दिवसच्या दिवस एसीच्या घरघरीखेरीज आवाज नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. डबा अर्धा भरलेलाच घरी जायचा.

दीड महिन्याने, एका शुक्रवारी, मी मन घट्ट करून नवापूरची एसटी धरली. सगळं सांगायचं, माफी मागायची, आणि सोमवारी... नाही, शनिवारीच शेठकडे जाऊन त्यांना परत घ्यायला लावायचं, असं पक्कं ठरवलं होतं. बसमध्ये वाक्यं जुळवत होते. घर विचारत गेले तर एक बाई सुरूच्या झाडांपलीकडे बोट दाखवून म्हणाली, "कॉम्प्युटरवाले ना? तिते बसलेत बगा."

काका ओट्यावर बसून जाळं विणत होते. म्हणजे शिकत होते. काकी शेजारी बसून गाठ कशी मारायची ते दाखवत होत्या, आणि पन्नाशीच्या पुढच्या त्या बोटांना ती येत नव्हती. मला बघून ते इतके झटकन उठले की जाळं पायात आलं.

"अगो, बग कोण आली!" ते काकींना म्हणाले. "हीच ती."

काकींनी माझे दोन्ही हात धरले. मी काही बोलायच्या आतच त्यांनी मला आत नेऊन बसवलं, चहा टाकला, आणि चुलीपाशी बसूनच म्हणाल्या, "तुमी यांच्यासाटी शेठशी भांडलात, ते आमी विसरणार नाय."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी सांगितलं. शेवटच्या दिवशी शेठ त्यांना म्हणाला होता, "मॅडमनी तुमच्यासाठी माझ्याशी खूप भांडण केलं, रदबदली केली, पण माझाच इलाज नाही." गोळी गोड करून द्यायची म्हणून शेठने फेकलेली थाप. माणसाला काढताना असं काहीतरी बोलायची पद्धत असते.

"तू चूक कोणी काडली ते बी सांगितलंस, मला म्हाईत हाय," काका म्हणाले. "तू सांगितलंस, मला तेवडं बस झालं. त्यानं ऐकलं नाय ते त्याचं तो बगल."

मी कप खाली ठेवला. "काका..." एवढंच मी म्हणाले.

तेवढ्यात ओट्यापुढून जाणाऱ्या कुणीतरी आत डोकावून विचारलं, कोण पाहुणी? काका दारापर्यंत गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, पण आवाजातला ताठा मला स्पष्ट ऐकू आला. "आमच्या कंपनीतली मुलगी. सांगितलं नव्हतं मी? माज्यासाटी शेठशी भांडली ती." मग आत येऊन हळू आवाजात मला म्हणाले, "गावात कोण हसत नाय आता. घरी बसलो तरी नाय हसत. काडला तर काडला, पण त्याच्यासाटी एक पोर शेठशी भांडली, असं बोलतात."

आता खरं सांगायचं म्हणजे त्यांच्याकडे उरलेलं तेवढंही काढून घ्यायचं, असं मी स्वतःला समजावलं. सबब चांगली होती. अजूनही चांगली आहे, आणि अजूनही ती सबबच आहे. मी चहा प्याले. काकींनी माझे केस नीट केले, जेवायला थांबायचा आग्रह केला. तीनच्या एसटीपर्यंत काका मला सोडायला आले. बस हलली तरी ते हात हलवत उभे होते.

नवापूरला मी पुन्हा गेले नाही. बोईसरला त्यानंतर वर्षभर होते. ते मनात इतकं साठायचं, की कधीकधी भाजीवाल्याजवळसुद्धा बोलून मोकळं व्हावं असं वाटायचं. पण जे काही पोटात असेल ते सगळं सांगता येईल असं मला त्या गावात एकच माणूस मिळालं होतं, आणि एवढी एक गोष्ट मला फक्त त्यांनाच सांगायची होती.